यान्या परत कधी जाणार

त्या नाताळात वारेश या डोंगरातल्या खाणीच्या गावात यान्या परत कधी जाणार याची तीन उत्तरं फिरत होती, आणि तिन्ही तिनंच दिलेली होती. बेकरीवाल्या फिक्रेतला तिनं रविवार सांगितला. चर्चच्या पायऱ्यांवर भेटलेल्या काता मावशीला दोन तारीख. वर्गमित्र झ्वोन्कोला सांगितलं की तीन राजांचा सण झाला की, म्हणजे सहा जानेवारीनंतर, निघणार. आईनं विचारलं तेव्हा मात्र ती "बघू" म्हणाली आणि बादली घेऊन इमारतीचा जिना पुसायला गेली.

वारेशमध्ये बाहेरून आलेल्या माणसाला दोन प्रश्न एका दमात विचारतात, कधी आलीस आणि कधी जाणार. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. लोखंडाची खाण बंद पडली, मग युद्ध झालं, आणि निम्म्याहून जास्त गाव परदेशात गेलं. डिसेंबरच्या शेवटाला ऑस्ट्रिया-जर्मनीच्या नंबरांच्या गाड्या दोन आठवडे बर्फाच्या ढिगाऱ्यात नाकं खुपसून उभ्या राहतात, आणि सहा जानेवारीनंतर रस्ते पुन्हा मोकळे. कोण किती दिवसांचा आहे हे कळलं की कोणाला कधी जेवायला बोलवायचं, कोणाबरोबर काय पाठवायचं ते ठरवता येतं. यान्या गेली कित्येक वर्षं या प्रश्नाचं उत्तर न थांबता देत आली होती. या वर्षी तिच्याकडे उत्तर नव्हतं.

युद्धाच्या दुसऱ्या वर्षी, नोव्हेंबरात, तिच्या घरची सगळी माणसं शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरमागे ट्रॉलीत बसून गाव सोडून निघाली तेव्हा ती बावीस वर्षांची होती. पुढं आईवडील आणि थोरला भाऊ इलिया परत आले. यान्या ऑस्ट्रियात ग्राझला गेली ती तिथंच राहिली. आधी एका हॉटेलात चादरी बदलल्या, मग दवाखान्यात फरशा पुसल्या, आणि चौतिसाव्या वर्षी कोणाला न सांगता मोठ्या गाडीचं लायसन्स काढून शहराची बस चालवायला लागली. एकोणीस वर्षं चालवली. मध्ये लग्न झालं होतं, ते पाच वर्षं टिकलं. तो माणूस वाईट नव्हता, पण संध्याकाळी त्याला नुसतं बसून राहायला आवडायचं आणि हिला ते बघवायचं नाही.

ऑक्टोबरात ड्रायव्हरांची तपासणी असते. एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात डोकं घालून बसायचं आणि प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. यान्यानं तिला दिसलेल्या प्रत्येक ठिपक्याला बटण दाबलं आणि खुशीत बाहेर आली. डॉक्टरनं कागद समोर ठेवला. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू, डाव्यात जास्त. समोरचं सगळं स्वच्छ दिसत होतं. कडेचं गेलं होतं, आणि गेलंय हे तिला कळलंही नव्हतं. बस बंद. दुसरं काय काम देता येईल ते समिती ठरवेल, आणि समितीची तारीख नंतर कळवू, असं तिला सांगण्यात आलं. ती तारीख नाताळ आला तरी कळलेली नव्हती.

म्हणून या खेपेला ती गाडीऐवजी बसनं आली. घरी सांगितलं की गिअरबॉक्स गेलाय. ग्राझहून निघताना तिनं मुद्दाम ड्रायव्हरच्या मागची पहिली जागा घेतली होती, आणि दहा तास प्रत्येक वळणावर तिचा उजवा पाय जमिनीत ब्रेक शोधत राहिला.

घरी आल्यापासून तिला एका जागी बसवेना. तिसऱ्या मजल्यावरचं घर, दोन खोल्या आणि एक अगदी छोटी, त्यात आई लुत्सा, इलिया, त्याची बायको आंज्या आणि त्यांची मुलगी पेत्रा. शेगडी सतत पेटलेली. यान्या पहाटे चारला जागी व्हायची, कारण चारला ती एकोणीस वर्षं उठत होती. मग स्वयंपाकघरातले डबे पुसायची. आंज्या वहिनी बालवाडीच्या मुदपाकखान्यात काम करायची, स्वयंपाकघरातली तिची शिस्त कडक होती. दोन दिवस तिनं ते चालवून घेतलं. तिसऱ्या दिवशी तिला मिठाचा डबा सापडेना, तेव्हा म्हणाली, "यान्या, तू सुट्टीवर आलीयस ना? मग जरा बाहेर जाऊन ये. जुन्या जागा बघ. बर्फ किती छान पडलंय."

यान्याला तेवढं निमित्त पुरलं. त्या दिवसापासून ती रोज सकाळी बूट चढवून बाहेर पडू लागली आणि जेवायच्या वेळेलाच परत येऊ लागली.

पहिली जागा फिक्रेतची बेकरी. लहानपणी शाळेत जाताना तिथं गरम रोटी मध्ये चिरून त्यात खारवलेली घट्ट साय भरून मिळायची, आणि ती चालत चालत खाल्ली तर साय कोपरापर्यंत ओघळायची. फिक्रेत आता सत्तरीला आला होता. त्यानं रोटी भरून दिली, पैसे घेतले नाहीत, आणि ते दोन प्रश्न विचारले. यान्याच्या तोंडून रविवार निघून गेला. का निघाला ते तिलाही सांगता आलं नसतं. बाहेर पुलावर उभं राहून तिनं रोटी चार घासांत संपवली. चव तीच होती, पण तिला ती उभ्या उभ्या नीट लागली नाही. खालून स्ताव्न्या नदी दोन्ही काठांच्या बर्फामधून काळी वाहत होती. पाच मिनिटंही न थांबता ती पुढं गेली.

चर्चपाशी काता मावशी भेटली, आईची मैत्रीण. तिला रविवार सांगून चालण्यासारखं नव्हतं, कारण तिनं लगेच रविवारच्या निरोपाच्या जेवणाचं काढलं असतं. तिला दोन तारीख मिळाली.

चर्चच्या मागच्या उतारावर अख्ख्या गावाचं बालपण घसरलेलं. यान्याच्या काळात लाकडी घसरगाड्या दोन-तीन घरांतच होत्या. बाकीची पोरं खताच्या प्लास्टिकच्या गोण्यांत गवत भरून त्यावर बसायची. यान्या सगळ्यांत वरून, कुंपणाजवळून सुटायची आणि खाली रस्त्यापर्यंत जायची. आता ती उताराच्या मध्यावर चढून उभी राहिली आणि ते कुंपण शोधू लागली. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं. आवाज कुठून आला म्हणून तिनं मान वळवली ती नेमकी उलट्या बाजूला. दुसऱ्या क्षणी तिच्या डावीकडून एक लाल घसरगाडी तिच्या बुटाला घासून गेली आणि बर्फाच्या ढिगात तोंडघशी घुसली. त्यातून झ्वोन्को बाहेर आला, त्रेपन्न वर्षांचा, मिशीला बर्फ लागलेला, आणि त्याच्या पोटाशी धरलेली त्याची पाच वर्षांची नात, जी हसता हसता ठसकत होती.

"अगं ए, ग्राझमध्ये अशीच चालवतेस का बस?" झ्वोन्को म्हणाला. "तीनदा ओरडलो मी. लोक वाचतात तरी कसे तुझ्या हातून?"

"तिकडे तुझ्या वयाची माणसं नातीला पुढं घालून घसरत नाहीत," यान्या म्हणाली, "म्हणून वाचतात."

दोघं हसली. नात पुन्हा वर चढायचा हट्ट करायला लागली. झ्वोन्कोनं अंग झटकत ते दोन प्रश्न विचारले आणि त्याला तीन राजांचा सण मिळाला. यान्या खाली रस्त्याला लागली. गाडी येताना तिला दिसलीच नव्हती. लाल रंग, एवढ्या पांढऱ्यावर, आणि दिसला नव्हता.

नाताळच्या आदल्या दिवशी ती रेल्वे स्टेशनवर गेली. तिचे वारलेले वडील तिथं सांधेवाले होते. त्यांच्या खोपटाच्या खिडकीत बसून ती डबे मोजायला शिकली होती. प्रवाशांची गाडी बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती. रुळांवर गुडघाभर बर्फ होतं आणि त्यावर एका कुत्र्याच्या पावलांची सरळ रेघ. खोपटाला कुलूप होतं. तिनं काचेला कपाळ लावून आत बघितलं, आत कोणीतरी लाकडं रचून ठेवली होती. ती तिथून निघाली, कामगार सभागृहापर्यंत गेली, तिथंही दार बंद बघून परत फिरली. गावातून दोन तास नुसती भटकत राहिली आणि ओल्या पायांनी घरी आली. आई म्हणाली, पावलं झिजवून काय शोधतेस. यान्या म्हणाली, काही नाही, व्यायाम.

नाताळचा दिवस चर्चमध्ये आणि माणसांत निघून गेला. संध्याकाळ व्हायच्या आधी, सगळी टीव्हीसमोर पेंगत असताना, ती एकटीच स्म्रेकाच्या खाणीकडे चढून गेली. खाण म्हणजे डोंगरात पायऱ्या पायऱ्यांनी खणलेला प्रचंड खड्डा, काम थांबल्यावर पाण्यानं भरलेला. उन्हाळ्यात तारुण्यात ती तिथल्या लाल कड्यावरून पाण्यात उडी घ्यायची. आईला अजूनही ते माहीत नव्हतं. आता पाण्याच्या कडा गोठल्या होत्या आणि मध्यभागी धुकं होतं.

तिनं समोरच्या कड्यावरचं एक फरचं झाड निवडलं. उजव्या डोळ्यावर हात ठेवला आणि डाव्या डोळ्यानं झाडाकडे बघत राहिली. मग दुसरा हात, काळ्या हातमोज्यातला, कानाच्या बाजूनं हळूहळू पुढं आणला. कुठं दिसायला लागतो ते बघायचं होतं. हात जवळपास नाकापाशी आला तेव्हा दिसला. तिनं पुन्हा केलं. पुन्हा. आज चुकलं असेल, हात फार खाली धरला असेल, प्रकाश कमी असेल. उजव्या डोळ्यानं करून बघितलं, तो जरा बरा होता. पुन्हा डावा. न उघडणाऱ्या कुलपात किल्ली फिरवत राहावं तसं ती ते वीस-पंचवीस वेळा करत राहिली. नेहमी हात त्याच जागी दिसायचा. शेवटी बोटांतली जाणीव गेली तेव्हा ती खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी संत स्टीफनचा सण. जेवायला काता मावशी आली ती पिशवीत धुरात वाळवलेल्या मांसाचा मोठा तुकडा घेऊन. तो यान्याला दोन तारखेला बरोबर न्यायला होता, आणि कापडात गुंडाळून न्यायचा, प्लास्टिकमध्ये नाही, असं तिनं दोनदा बजावलं.

"दोन तारखेला?" इलिया म्हणाला. "फिक्रेत तर मला रविवार म्हणाला."

"झ्वोन्को काका म्हणाले सहा तारखेनंतर," पेत्रा म्हणाली.

टेबलावर कोबीच्या पानात गुंडाळलेल्या खिम्याचं मोठं पातेलं वाफाळत होतं. आंज्या वहिनीनं वाढायचा डाव पातेल्यात सोडला आणि ओल्या हातांनी उभी राहिली.

"यान्या, पेत्राच्या होणाऱ्या सासरची माणसं एकतीसला येतायत," ती म्हणाली. "तीन जणं, पहिल्यांदाच. मला ती छोटी खोली लागेल की नाही, एवढंच सांग. बाकी काही विचारत नाही."

"म्हणजे मी पाहुणी झाले."

"पाहुणी असतीस तर तारीख तरी सांगितली असतीस."

इलिया ताटाकडे बघू लागला. काता मावशीनं मांसाची पिशवी उगाच सरळ केली. आई म्हणाली, आधी जेवा. पण यान्या उठली होती. तिनं दारामागचा कोट घेतला, बुटांच्या नाड्या न बांधताच जिना उतरली, आणि आपण कुठं चाललोय याचा विचार न करता बस स्टँडवर पोचली.

स्टँडच्या तिकीट खिडकीमागे हायरा बसायची. शाळेची आठ वर्षं दोघी एका बाकावर बसल्या होत्या. युद्धात हायराचं घर गावातच राहिलं आणि यान्याचं निघून गेलं, मधली दोन वर्षं एकीला दुसरीची खबर नव्हती. त्यानंतर पहिलं पत्र हायरानंच टाकलं. त्यात ना विचारपूस होती ना रडारड. गावात कोणाच्या घरावर छप्पर शिल्लक आहे आणि कोणाच्या नाही, याची फक्त यादी होती.

"ये. दार लाव, ऊब जाते," हायरा म्हणाली. छोट्या विजेच्या शेगडीवर तांब्याच्या भांड्यात कॉफी चढवलेली होती. तिनं दुसरा पेला काढला. "सात जणांनी विचारलं मला आत्तापर्यंत."

"काय?"

"तू ग्राझच्या कुठल्या बसचं तिकीट काढलंयस ते. मी सांगितलं, कॉम्प्युटर बंद आहे."

"आहे का बंद?"

"मंगळवारपासून. देव मोठा आहे, खोटं बोलावं लागलं नाही."

यान्या हसली आणि पेल्याकडे बघत राहिली. हायरानं काही विचारलं नाही. यान्यानंच शेवटी म्हटलं, तुला नाही का विचारायचं. हायरा म्हणाली, मी तिकिटं विकते, तुला हवं असलं की मागशील. यान्यानं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला.

अडीचची ब्रेझा गावाकडे जाणारी बस अडकली होती. बर्फ काढणाऱ्या गाडीनं दुपारी फाटकापाशीच ढीग टाकला होता आणि बसला मागं घेऊन, वळून, दुसऱ्या तोंडानं बाहेर पडायला हवं होतं. ड्रायव्हर तरुण, पंचविशीचा, वारेशचा नव्हता. तो दारातून अर्धा बाहेर येऊन कोणी मागं उभं राहील का म्हणून बघत होता. हायरा शाल शोधेपर्यंत यान्या बाहेर पोचली होती.

तिनं बसच्या मागं जाऊन पाय रोवले आणि हात वर केला. "येऊ दे," ती म्हणाली. "येऊ दे, येऊ दे. उजवीकडे मार. अजून. सरळ कर आता. येऊ दे." गाडी तिच्या हाताच्या इशाऱ्याबरोबर इंचाइंचानं मागं सरकत होती. टायर किती फिरला, मागचा भाग कुठं येणार, हे तिला न बघता कळत होतं. आठवड्यात पहिल्यांदाच तिचे पाय एका जागी होते. तिनं पुन्हा येऊ दे म्हटलं, आणि डावीकडे कडकन आवाज झाला.

दिव्याच्या खांबाचा सिमेंटचा चौथरा होता, अर्धा बर्फात, अर्धा बाहेर. तो तिच्यापासून चार पावलांवर होता. बसचा मागचा दिवा फुटून लाल काच बर्फावर सांडली होती आणि बंपर आत गेला होता.

ड्रायव्हर उतरून आला. आधी त्यानं दिवा बघितला, मग चौथरा, मग तिला. "बाई, तुम्ही तर शेजारीच उभ्या होतात," तो म्हणाला. "दिसला नाही?"

बसच्या खिडक्यांतून अकरा तोंडं बघत होती, त्यातली आठ ओळखीची. बर्फात झाकला होता, असं म्हणता आलं असतं. वाक्य तिच्या जिभेवर आलंही होतं.

"नाही दिसला," यान्या म्हणाली. "मला कडेचं दिसत नाही. काचबिंदू झालाय. मी पण बसच चालवायचे, आता बंद केलीय त्यांनी."

मुलगा गांगरला. त्यानं उगाच रुमालानं बंपर पुसला. "मग हात कशाला दाखवलात?"

"सवय."

 तो म्हणाला, दिव्याचं डेपोत बघून घेतील, आणि उरलेल्या अंतरात हायरानं शाल हलवत हलवत त्याला इशारे केले. बस वीस मिनिटं उशिरा सुटली.

हायरानं काचा झाडून गोळा केल्या. आत आल्यावर यान्यानं तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं, वाडग्यासारखं यंत्र, समिती, गिअरबॉक्स, खाणीवर कानापासून नाकापर्यंत आणलेला हात. हायरानं तीन गोष्टी विचारल्या. दुखतं का. नाही. वाढणार का. थेंब घातले तर हळू वाढेल, कदाचित थांबेल. थेंब घालतेस का. थेंबांची बाटली ग्राझला स्वयंपाकघरातच राहिली होती, आणि ती चुकून राहिली नव्हती.

"उद्या इथल्या डॉक्टरकडून लिहून घेऊ," हायरा म्हणाली. "मी येते बरोबर. आणि आता घरी चालत जाऊ नकोस, पळ. बस ब्रेझाला पोचायच्या आधी बातमी तुमच्या जिन्यात पोचणार आहे."

यान्या खरंच पळाली. दोनदा घसरली, एकदा बसली. तरी उशीरच झाला. दार उघडलं तेव्हा आई दारातल्या स्टुलावर बाहेरचे बूट घालून बसलेली होती, कुठं जायचं ते न ठरल्यासारखी, आणि मांडीवर टेलिफोन.

"ब्रेझाच्या ड्रायव्हरला सांगितलंस," आई म्हणाली.

"आई."

"त्याला कळलं. अकरा उतारूंना कळलं. मला अठ्ठ्याहत्तर वर्षं झाली, माझं नाव लुत्सा आहे. डोळ्याचं दुखणं झालं की सगळा गाव माझ्या नावाच्या संतिणीपुढं मेणबत्ती लावतो. आणि माझी पोर डोळे लपवून जिने पुसते."

यान्या तिथंच बुटांच्या कपाटाला टेकून खाली बसली. म्हातारी स्टुलावरून पुढं वाकली. मग विचारलं, "मी दिसते का?"

"समोर आहेस. दिसतेस की."

"आणि आता?" आईनं स्टूल जरा डावीकडे सरकवलं. यान्या रिकाम्या जागेकडेच बघत होती. आईनं स्टूल परत होतं तिथं आणलं.

इलिया आतून आला, भिंतीला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "गिअरबॉक्स?"

"गिअरबॉक्स ठीक आहे."

"मला वाटलंच," तो म्हणाला, जरी त्याला तसं काही वाटलेलं नव्हतं.

आंज्या वहिनीनं माफी मागितली नाही आणि यान्यानंही नाही. वहिनीनं छोट्या खोलीतल्या पलंगावर धुतलेली चादर घातली, यान्याची बॅग उघडी दिसली ती कपाटात ठेवली, आणि जाहीर केलं की पेत्राच्या सासरची माणसं नवराबायकोच्या खोलीत झोपतील आणि ती आणि इलिया स्वयंपाकघरात. यान्या म्हणाली, असं काही करायचं नाही, मी आईच्या खोलीत झोपते. वहिनी म्हणाली, कधी जाणार ते तुझं तुलाच माहीत नाही, मग खोली तुझी, यावर वाद नको. त्यावर चांगला अर्धा तास वाद झाला. तो वहिनीनं जिंकला.

पुढचे दिवस यान्याला आधीपेक्षा जड गेले. सगळ्या गावाकडे डोळ्यांवर औषध होतं. काता मावशीनं जांभळ्या रानफळांचा मुरंबा आणला, फिक्रेतनं झेनिका शहरातल्या डॉक्टर पुतण्याचा नंबर दिला, झ्वोन्को गाजरांचं पोतंच घेऊन आला आणि उताराची आठवण काढून इतका ओशाळला की यान्यालाच त्याची समजूत काढावी लागली. काही माणसं तिच्याशी मोठ्यानं बोलू लागली, जणू कान गेलेत. काही तिच्या उजव्या बाजूला यायला धडपडायची आणि त्यात बर्फात घसरायची. ती रोज बाहेर पडायची, पण आता जुन्या जागांवर ती एकटी नसायची. आईनं पेत्राला तिच्या मागं लावलं होतं. तीन दिवसांनी यान्यानं पेत्राला सांगितलं की तू माझ्यामागं येतेयस हे मला कळतं, मागचं कोणालाच दिसत नसतं, त्याला काचबिंदू लागत नाही. मग दोघी शेजारी शेजारी चालू लागल्या. खाणीवर गेल्या तेव्हा तिनं पेत्राला तो उडी घ्यायचा कडा दाखवला आणि आजीला सांगायचं नाही अशी शपथ घातली.

तीन जानेवारीला ग्राझहून फोन आला. समिती चौदा तारखेला बसणार होती. हायराचा कॉम्प्युटर अजून बंद होता. तिनं अकरा तारखेच्या शनिवारचं तिकीट हातानं लिहून दिलं, शिक्का मारला, आणि पहिली जागा देऊ का विचारलं. यान्या म्हणाली, नको, मधली दे.

समितीनं तिला कंट्रोल रूममधली खुर्ची दिली. समोर पडदे, कानाला यंत्र, कुठली बस किती मिनिटं मागं आहे ते सांगायचं. यान्यानं ते दोन महिने केलं. दिवसातून इतक्या वेळा ती खुर्चीतून उठायची की शेजारच्या बाईनं तक्रार केली. मार्चमध्ये ती स्वतःच वर जाऊन म्हणाली की मला बसवून ठेवू नका, उभं राहायचं काम द्या. आता ती शहरातल्या मोठ्या बस तळावर पिवळं जाकीट घालून दिवसभर बसांच्या मधून चालत असते. नव्या ड्रायव्हरांना फाटक दाखवते, उशीर झालेल्यांना झापते, आणि गाडी मागं घेताना कोणी हात दाखवायला बोलावलं तर दुसऱ्याला पाठवते. थेंब सकाळ-संध्याकाळ घालते. ते घालताना तिला दोन मिनिटं डोळे मिटून पडून राहावं लागतं, आणि तेवढं तिला अजून जमत नाही. ती डोळे मिटून उभी राहते.

ऑक्टोबरात पुन्हा तपासणी झाली. दवाखान्यातून बाहेर पडून ती ट्रामच्या थांब्यापर्यंतही पोचली नव्हती, तेव्हा फोन वाजला. आंज्या वहिनी होती. इतक्या वर्षांत तिनं स्वतःहून कधी फोन केला नव्हता, नेहमी इलियाच्या हातातला फोन तिच्याकडे यायचा.

"काय म्हणाले?" वहिनीनं विचारलं. मागं बालवाडीतल्या पातेल्यांचा आवाज येत होता. यान्या म्हणाली, घरी पोचू दे, मग सांगते. वहिनी म्हणाली, घरी पोचल्यावर तू काही सांगत नाहीस, तिथंच उभी राहा आणि वाच. मग यान्यानं रस्त्याच्या कडेला उभं राहून पिशवीतून कागद काढला आणि डाव्या डोळ्याचा एक आकडा, उजव्या डोळ्याचा एक आकडा, असं करत सगळा कागद तिला वाचून दाखवला. गेल्या वर्षीचे आकडे यान्याला पाठ होते. तेही सांगितले.